बनशंकरीहून पुढे पट्टदकल
बदामीजवळची बनशंकरी ही अनेक मराठी घराण्यांची कुलदेवता. ओटी भरली की बहुतेकांची गाडी परतीला लागते आणि जवळचेच पट्टदकल राहून जाते.

तेथे नागर व द्राविड शिखरे एकाच आवारात आहेत. गळगनाथाचे शिखर वक्र रेषेत निमुळते होते. विरूपाक्षाचे मजल्यामजल्यांनी चढते. पुस्तकातील आकृतीपेक्षा हा भेद येथे चटकन उमगतो. कांचीवरील विजयाप्रीत्यर्थ दुसऱ्या विक्रमादित्याची राणी लोकमहादेवी हिने इ. स. ७४० च्या सुमारास विरूपाक्ष मंदिर बांधविले. पूर्वद्वारावरील जुन्या कन्नड लेखात सूत्रधार गुंड याचेही नाव आहे. (शिल्पींची नावे अशी क्वचितच उरतात!) तो वाचण्यासाठी कन्नडच्या प्राध्यापकांना बरोबर न्यावे. मंदिरात आजही पूजा चालते. दर्शन झाल्यावर खांबांवरील रामायण-महाभारतातील प्रसंग सावकाश पाहावेत.