पर्सेंटाइल म्हणजे मार्क नव्हेत

चार महिन्यांच्या तपासणीहून तुम्ही बाळाला घेऊन घरी येता. हातातल्या कागदावर लिहिलेलं असतं: वजन ५.६ किलो, १५वा पर्सेंटाइल. डॉक्टर ‘छान चाललंय’ म्हणालेले असतात. पण संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आकडा ऐकून आजी म्हणतात, “शंभरात पंधराच? अगं, दूध पुरत नसेल तिला. वरचं सुरू कर.” आणि तुमची झोप उडते.

परदेशात घरात मोठं माणूस नसतं, त्यामुळे असा एक आकडा फार जड होतो. म्हणून तो नीट समजून घेऊया.

एकाच वयाच्या १०० निरोगी मुली वजनाप्रमाणे रांगेत उभ्या केल्या, तर तुमची लेक हलक्या बाजूने साधारण पंधरावी. बस, इतकाच त्याचा अर्थ. तिच्याहून हलक्या मुलीही निरोगीच आहेत. ५०वा पर्सेंटाइल म्हणजे रांगेची मधली जागा; तिथे पोचायलाच हवं असं काही नाही. एका ठिपक्यावरून फारसं कळत नाही. दर तपासणीचे ठिपके जोडून होणारी रेघ तक्त्यावरच्या रेघांना साधारण समांतर जाते का, हे पाहायचं.

आता हा तक्ता कुठून आला ते पाहू. १९७७च्या अमेरिकन तक्त्यातली तान्ह्या बाळांची मापं ओहायोतल्या एका छोट्या भागातली होती, आणि त्यातली बहुतेक बाळं फॉर्म्युला पिणारी होती. अंगावर पिणारं बाळ पहिले दोन-तीन महिने भराभर वाढतं आणि मग त्याचा वेग थोडा मंदावतो. हे नैसर्गिकच आहे. पण त्या तक्त्यावर ते ‘मागे पडलेलं’ दिसायचं, आणि दूध पुरेसं असूनही बाटली सुरू व्हायची. बाटली वाढली की बाळ अंगावर कमी ओढतं, आणि मग दूध खरोखरच कमी होतं!

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा ठिकाणी सुमारे ८,५०० मुलं मोजली: दिल्ली, मस्कत, आक्रा, ओस्लो, ब्राझीलमधलं पेलोतास आणि कॅलिफोर्नियातलं डेव्हिस. आई धूम्रपान न करणारी, बाळ अंगावर पिणारं, घरी खाण्यापिण्याची ददात नाही, अशी ही मुलं. त्यावरून २००६ साली नवा तक्ता आला. अमेरिकेत दोन वर्षांपर्यंत तोच वापरावा अशी शिफारस आहे.

या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. पाच वर्षांपर्यंत या सहाही ठिकाणच्या मुलांची उंची जवळजवळ सारखीच वाढली. म्हणजे ‘आपली मुलं मुळातच लहान चणीची’ म्हणून घसरणाऱ्या रेघेकडे दुर्लक्ष करणंही चूक.

रेघ घसरण्याची एक नाजूक वेळ म्हणजे सहा महिन्यांनंतरची. तेव्हा दूध एकटं पुरत नाही, विशेषतः लोह कमी पडू लागतं. आपल्याकडे सुरुवात होते ती वरणाच्या पाण्याने आणि पातळ पेजेने. बाळाचं पोट एवढंसं. ते पाण्यानेच भरतं आणि पोषण राहून जातं. त्याऐवजी चमच्यावरून ओघळणार नाही असा दाट, मऊ वरणभात तूप घालून द्या. लोह घातलेलं बेबी सीरियल, कुसकरलेली कडधान्यं, अंडं, आणि घरात चालत असेल तर मासे, मटणही द्या. वर्षाच्या आत मध अजिबात नको, आणि मुख्य पेय म्हणून गाईचं दूधही नको.

डॉक्टरांना कधी विचारायचं?

- जन्मानंतर उतरलेलं वजन दोन आठवड्यांत भरून आलं नाही तर.
- पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहापेक्षा कमी डायपर ओले होत असतील, किंवा बाळ सुस्त असेल तर. अशा वेळी त्याच दिवशी फोन करा.
- रेघ तक्त्यावरच्या दोन मुख्य रेघा ओलांडून खाली आली तर.
- वजन किंवा उंची सर्वांत खालच्या रेघेच्याही खाली असेल तर.

बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तर वय मूळ तारखेपासून मोजायला सांगा. आणि अमेरिकेत असाल तर दुसऱ्या वाढदिवसानंतर दचकू नका. तिथे तक्ता बदलतो आणि मूल आडवं न मोजता उभं मोजतात. उभं मोजल्यावर माप सुमारे ०.७ सेंटीमीटर कमी भरतं, त्यामुळे मूल तेच असूनही पर्सेंटाइल बदलू शकतो.

पुढच्या कॉलवर आजींना आकडा सांगण्याऐवजी तक्त्याचा फोटोच पाठवा. वर चढत जाणारी रेघ त्यांनाही लगेच कळेल.