माशांचे स्त्रीराज्य

नवनाथांच्या कथांतील स्त्रीराज्य आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्या राज्यात पुरुष नव्हता. मारुतीच्या भुभुःकाराने तेथील स्त्रियांस गर्भ राहत असे. मत्स्याच्या पोटी जन्मलेले मच्छिंद्रनाथ तेथे रमले आणि गोरक्षनाथांनी त्यांस परत आणले. ही झाली कथा. परंतु माशांचे असेच एक स्त्रीराज्य निसर्गात खरोखरीच आहे. त्याची ओळख आपण येथे करून घेऊ.

मेक्सिकोचा ईशान्य भाग व अमेरिकेतील टेक्सास राज्याचे दक्षिण टोक येथील गोड्या पाण्यात ‘ॲमेझॉन मोली’ नावाचा बोटभर मासा राहतो. ॲमेझॉन नदीशी त्याचा काही संबंध नाही. ग्रीक पुराणांतील ॲमेझॉन नामक रणरागिणींवरून त्यास हे नाव पडले. या जातीत साऱ्या माद्याच असतात. कार्ल व लॉरा हब्स या संशोधक दांपत्याने १९३२ साली ही गोष्ट जगापुढे मांडली. तोवर पृष्ठवंशी प्राण्यांत केवळ माद्यांची अशी जात विज्ञानास माहीत नव्हती.

मग या जातीत प्रजा होते कशी? सामान्यतः बीजांड तयार होताना मातेची रंगसूत्रे निम्मी होतात आणि उरलेली निम्मी पित्याच्या शुक्रजंतूकडून येतात. ॲमेझॉन मोलीच्या बीजांडात मात्र मातेची ४६ रंगसूत्रे जशीच्या तशी राहतात. तरीही ते बीजांड आपण होऊन वाढीस लागत नाही. त्यास शुक्रजंतूचा स्पर्श व्हावा लागतो. म्हणून ही मादी जवळच्याच दुसऱ्या मोली जातींच्या नरांशी संग करते. शुक्रजंतू बीजांडास जागे करतो, पण त्याची रंगसूत्रे बहुधा वायाच जातात. जन्मास येणारी प्रत्येक कन्या ही मातेची हुबेहूब प्रतिकृती असते.

हे स्त्रीराज्य उत्पन्न कसे झाले? ही जात दोन जातींच्या संकरातून निघाली असावी, असे हब्स दांपत्याने तेव्हाच ताडले होते. २०१८ साली तिच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले आणि तो तर्क खरा ठरला. सुमारे १,००,००० वर्षांपूर्वी अटलांटिक मोलीची मादी व शिडासारखा पर असलेल्या सेलफिन मोलीचा नर यांच्यापासून ही जात निघाली. दोन्ही पूर्वजांचा वारसा आजही तिच्या प्रत्येक पेशीत शेजारी शेजारी नांदत आहे.

संकरित जीवांचा वंश पुष्कळदा खुंटतो. घोड्याची रंगसूत्रे ६४, गाढवाची ६२ आणि खेचराची ६३. त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत, म्हणून खेचर बहुधा वांझ राहते. या माशाच्या बाबतीत रंगसूत्रे निम्मी होण्याची पायरीच गळून पडली आणि वंश चालू राहिला. हा योग किती दुर्मिळ! प्रयोगशाळेत त्याच दोन जातींचा संकर घडविला, तेव्हा नर व मादी अशी दोन्ही प्रकारची साधी संतती झाली. नवी ॲमेझॉन मोली काही निपजली नाही.

नर-मादीच्या बीजांची सरमिसळ न झाल्यास पिढ्यान्‌पिढ्या दोष साचत जातात, असे हर्मन म्युलर यांनी १९६४ साली दाखविले. त्या न्यायाने ही जात एव्हाना क्षीण व्हावयास हवी होती. परंतु २०१८ च्या अभ्यासात तशी खूण फारशी आढळली नाही. दोन भिन्न पूर्वजांचा वारसा तिच्या कामी आला असावा, असे संशोधकांस वाटते.

नवी जात निर्माण होण्यास युगे लागतात, असे आम्ही वर्गात शिकतो आणि ते बहुतांशी खरेही आहे. पण येथे दोन जातींच्या मीलनातूनच एक नवी जात उभी राहिली. तथापि तिचे स्वातंत्र्य अपुरेच आहे. ज्या नरांस ती वारसा देत नाही, त्यांच्यावाचून तिचे बीजांड जागेही होत नाही. तिच्या माद्यांची संख्या भरमसाट वाढून शेजारची जात नामशेष झाली, तर त्या जातीमागोमाग हे स्त्रीराज्यही लयास जाईल.