अंग का आंबते?

सुट्टीवरून परतलेली मुले पहिल्याच पहाटे ईर्ष्येने शंभर बैठका मारतात आणि दुसऱ्या दिवशी कठडा धरून जिना उतरतात. ‘अंग आंबले’ असे आपण म्हणतो. या शब्दामुळेच की काय, स्नायूंत आम्ल साचल्याने ते दुखतात हा समज आपल्याला सहज पटतो. वस्तुस्थिती निराळी आहे. श्रमाच्या वेळी वाढलेले लॅक्टिक आम्ल साधारण तासाभरात ओसरते. वेदना मात्र 24 ते 72 तासांच्या दरम्यान तीव्र होते.

स्नायूतंतूंना झालेली सूक्ष्म इजा हे याचे कारण असावे, असे अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी 1902 सालीच सुचवले होते. ओझे पेलता पेलता स्नायू लांबतो, तेव्हा ही इजा अधिक होते. बैठक मारताना खाली जाणे, टेकडी उतरणे ही त्याची उदाहरणे. म्हणूनच चढण दमवते आणि उतरण दुखवते! पुढे इजेच्या जागी दाह होतो, सूज येते, तेथील चेताग्रे हळवी होतात. या घडामोडींना वेळ लागतो, म्हणून दुखणेही उशिरा येते. दुरुस्त झालेला स्नायू त्याच श्रमाला पुढील काही आठवडे कमी दुखतो. तेव्हा व्यायाम सोडू नये, बेताने वाढवावा. चालून चालून पाय रक्तबंबाळ केलेल्या सोण भिक्खूला भगवंतांनी वीणेच्या तारांचा दाखला दिला होता. तार अति ताणलेली नको, सैलही नको. व्यायामशाळेत आम्हाला तो नेहमी आठवतो.

पोलीस भरतीच्या घाईत एकाच दिवशी अतिश्रम करणाऱ्या, किंवा शिक्षा म्हणून शेकडो उठाबशा काढाव्या लागणाऱ्या मुलांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. अशी शिक्षा आम्हाला सर्वथा अमान्य आहे. स्नायू मोठ्या प्रमाणावर तुटले, तर त्यांतील मायोग्लोबिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. असह्य वेदना, सूज, अशक्तपणा आणि काळ्या चहासारखी लघवी ही त्याची लक्षणे. अशा वेळी शेक-मालिश किंवा वेदनाशामक गोळ्या यांत वेळ न दवडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लघवीचा रंग मुले संकोचाने सांगत नाहीत. पालकांनी आणि अधीक्षकांनी तो आवर्जून विचारावा.