कीर्तिकठियाचा दृष्टान्त आणि आचारपालट

आचार या शब्दाची व्याप्ती महानुभाव वाङ्मयात भिक्षा, अटन, विजन आणि स्मरण एवढ्यापुरती नाही. माणूस बोलतो कसा, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावतो कसा आणि कोणी पाहत नसताना हातातले काम करतो कसे, हे सर्व आचारातच येते. संन्यस्त साधकाला आश्रम हे कर्मस्थान आहे, तर वासनिकाला शेत, दुकान, शाळा किंवा कचेरी. प्रश्न मात्र दोघांनाही एकच पडतो. जवळच्या माणसाचे वागणे चुकत आहे असे दिसते, ते पालटावे असे मनापासून वाटते, पण पालटवावे कसे? नवा साधक पहाटे उठत नाही म्हणून महंत चिंतेत असतात, नोकर माप नीट घालीत नाही म्हणून दुकानदार कष्टी असतो, मुलगा तंबाखू सोडीत नाही म्हणून बाप झुरतो. अशा वेळी बहुधा दोनच उपाय योजले जातात. एक रागावण्याचा आणि दुसरा वाखाणण्याचा. रागावण्याने काय बिघडते ते सर्वांना ठाऊक असते, कारण प्रत्येकाने ते कधी ना कधी सोसलेले असते. वाखाणण्याने काय बिघडते हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. लीळाचरित्रातील कीर्तिकठियाचा दृष्टान्त नेमका त्यावर आहे.

कठिया म्हणजे मठाची वा देवळाची व्यवस्था पाहणारा सेवक. तो देवाचे अंगण झाडी, सडासंमार्जन करी. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या दृष्टीस ती स्वच्छता पडली आणि त्यांनी त्याची वाखाणणी केली. कठियाला ती गोड लागली. मग तो अधिकच झटून झाडू लागला, पण आता त्याचे लक्ष देवाच्या अंगणाकडे नव्हते, पाहणाऱ्यांच्या तोंडाकडे होते. परिणाम असा झाला, की सेवेचे फळ त्याला मिळाले नाही, कीर्तीचे तेवढे मिळाले. हा दृष्टान्त सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी भटोबासांना वैराग्याच्या प्रसंगाने निरूपिला. विकार टाकण्याच्या वाटेवर असलेल्या साधकाला आपल्या वैराग्याचेच कौतुक वाटू लागले, तर ते कौतुक हाही एक विकारच होय, असा त्याचा आशय आहे.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. कठियाच्या हातून घडणारी बाह्य क्रिया बिघडली नव्हती. केरसुणी तीच होती, सडा तोच होता, अंगण पूर्वीपेक्षाही लख्ख झाले असेल. पालट झाला तो क्रियेच्या मुळाशी. म्हणूनच हा विकार ओळखण्यास कठीण आहे. आळशी माणूस चटकन दिसतो. कीर्तीसाठी राबणारा माणूस आदर्श म्हणून मिरवला जातो, आणि ज्यांनी त्याला सावध करावे तेच त्याची स्तुती करीत बसतात. दृष्टान्ताचे अध्यापन करताना कठियाचा दोष पुष्कळदा सांगितला जातो. येणाऱ्याजाणाऱ्यांचा दोष फारसा कोणी सांगत नाही. वास्तविक त्यांनी भल्या हेतूने उच्चारलेले शब्दच त्याला भोवले.

मग इतरांना सन्मार्गाची प्रेरणा द्यावी तरी कशी? रागावू नये आणि वाखाणूही नये, तर उरते काय? याचे उत्तर लीळाचरित्रातच दुसऱ्या एका प्रसंगात मिळते. स्वामी एकाकी संचार करीत असतानाची ती लीळा आहे. शिकाऱ्यांनी सशावर कुत्री सोडली होती. धावत आलेला ससा स्वामींच्या जानूखाली शिरला. शिकारी येऊन ससा मागू लागले, त्यांच्यात त्यावर होड लागलेली होती. शरण आलेल्याला मरण कसे द्यावे, असे म्हणून स्वामींनी ससा दिला नाही. मग त्यांनी शिकाऱ्यांना समजावले, की ही जनावरे रानात राहतात, गवत खातात, वाहते पाणी पितात, कोणाचे काही बिघडवीत नाहीत, तर त्यांना का मारावे? शिकाऱ्यांना ते पटले आणि त्यांनी पुन्हा न मारण्याचा शब्द दिला.

त्या ठिकाणी परमेश्वरसन्निधानाचा प्रभाव होता, ही गोष्ट विसरून चालणार नाही. ते सामर्थ्य जीवाच्या ठिकाणी नाही, आणि कोणा साधकाने ते आपल्याकडे घेऊ पाहिले तर तो दुसराच एक विकार ठरेल. तथापि निरूपणाची जी रीत त्या लीळेत दिसते, ती अनुकरणीय आहे. स्वामींनी शिकाऱ्यांना पापी म्हटले नाही, नरकाचे भयही घातले नाही. त्याचबरोबर सोडून दिल्यास तुम्ही थोर ठराल, असेही आमिष दाखविले नाही. सांगितले ते एवढेच, की ससा राहतो कोठे, खातो काय, पितो काय. आता ही माहिती शिकाऱ्यापेक्षा अधिक कोणाला असणार? सशाची वाट, त्याचा चारा, त्याचा पाणवठा हे सर्व जाणल्याशिवाय शिकार साधतच नाही. जे ज्ञान ते मारण्यासाठी वापरीत होते, तेच त्यांच्यापुढे ठेवून स्वामींनी त्यांना विचार करावयास लाविले. शिवाय बोलण्याच्या आधी कृती झालेली होती. ससा जानूखाली सुरक्षित बसलेला होता, मग शब्द आले.

ज्याला सांगावयाचे त्याच्याच अनुभवातले आणि त्याच्याच भाषेत सांगावे, हा विवेक पुढे आचार्यांनीही पाळला. केसोबास संस्कृतात रचना करू लागले तेव्हा भटोबासांनी त्यांना थांबविले, ही स्मृतिस्थळातील गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या रचनेने आपल्या म्हाताऱ्या बाया नागवल्या जातील, ही त्यांची चिंता होती. केसोबासांच्या विद्वत्तेविषयी शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता, की ज्यांनी आचरावयाचे त्यांना ते कळणार आहे काय? कित्येक कचेऱ्यांच्या भिंतींवर कर्मचाऱ्यांनी कसे वागावे याची परिपत्रके लावलेली असतात. त्यांची भाषा अशी असते, की ती वाचून आपल्याला नेमके काय करावयाचे आहे ते कारकुनालाही उमगत नाही आणि शिपायालाही नाही. मग वरिष्ठ म्हणतात, माणसे ऐकत नाहीत.

कीर्तिकठियाच्या केरसुणीचा विषय निघाला असता आणखी एका केरसुणीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. श्रीगोविंदप्रभूंच्या निवासाने पावन झालेले रिद्धपूर ज्या अमरावती जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील शेंडगाव येथे 23 फेब्रुवारी 1876 रोजी डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. पुढे ते गाडगे महाराज म्हणून ओळखले गेले. त्यांचा पंथ वेगळा, कीर्तनाची परंपरा वेगळी. उपास्याविषयीचा भेद येथे झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु दुसऱ्याचा आचार पालटविण्याच्या कामी त्यांनी जी रीत धरली, ती प्रस्तुत दृष्टान्ताच्या संदर्भात पाहिली तर फार उद्बोधक ठरते.

त्यांचे वडील दारूच्या व्यसनापायी अकाली गेले होते. समारंभाला मांस आणि दारू हवीच, असा त्या काळी त्यांच्या जातीत परिपाठ होता. डेबूजींनी आपल्या मुलीच्या बारशाला तो मोडला आणि पंगतीला गोड जेवण वाढले. लोक नाराज झाले, पण वाद घालण्याजोगे काही उरले नव्हते, कारण पाने वाढून झालेली होती. 1905 मध्ये त्यांनी घर सोडले. त्यानंतरचा त्यांचा क्रम महाराष्ट्राला ठाऊक आहे. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, डोक्यावर किंवा हातात गाडगे, आणि सोबत खराटा. गावात शिरावे, कोणाला काही न सांगता रस्ते झाडावेत, गटारे उपसावीत, आणि रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन करावे. कीर्तनही उपदेशाचे नव्हते, प्रश्नांचे होते. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांनाच विचारीत आणि श्रोत्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. कर्ज काढून लग्न करावे काय, देवापुढे बकरे कापावे काय, माणसाने माणसाला अस्पृश्य मानावे काय, असे ते विषय. उत्तर एकदा स्वतःच्या तोंडून गेले म्हणजे ते नाकारणे माणसाला जड जाते. आपल्याला कोणी गुरू म्हणावे हे त्यांना खपत नसे, आणि पाया पडू पाहणाऱ्याला ते दूर सारीत.

कठिया आणि गाडगे महाराज या दोघांच्याही हाती झाडण्याचेच साधन आहे. एकाला पाहणारा हवा आहे. दुसरा पाहणाऱ्याच्या हाती खराटा येईपर्यंतच थांबतो, आणि मग पुढच्या गावाला जातो. गावकऱ्यांनी स्तुती करावी इतका वेळही तो त्यांना देत नाही. आचार पालटविणाऱ्याच्या अंगी हे निघून जाण्याचे धैर्य असावे लागते. पुष्कळ भल्या माणसांची सुधारणा येथेच अडते. सुधारणा व्हावी असे त्यांना वाटते, पण ती आपल्यामुळे झाली हे सर्वांना कळावे, असेही वाटते.

गाडगे महाराजांचे देहावसान 20 डिसेंबर 1956 रोजी झाले. पुढे 2000 साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्यात गावागावांची स्पर्धा लावण्यात आली आणि उत्तम गावांना बक्षिसे देण्यात आली. हजारो गावे हिरिरीने कामाला लागली, आणि जे काम नुसत्या शासकीय आदेशाने होत नव्हते ते झाले, हे मान्य केलेच पाहिजे. त्यानंतर केंद्र शासनाचा निर्मल ग्राम पुरस्कार आला. त्याचे पहिले वितरण 2005 मध्ये झाले. मात्र पुरस्कार मिळालेल्या काही गावांत लोक पुन्हा उघड्यावर जाऊ लागल्याचे नंतरच्या पाहण्यांत आढळून आले. ज्या गावांना स्वच्छतेचे कारण पटले होते ती स्वच्छ राहिली. ज्यांना बक्षीस हेच कारण होते, त्यांचे कारण बक्षीस हाती पडताच संपले. एका कठियाची गोष्ट येथे अख्ख्या गावाला लागू पडते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वाजवी आहे. कीर्तीसाठी का होईना, अंगण तर झाडले गेले. येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय तर मळले नाहीत. नोकराने मालकाच्या शाबासकीसाठी माप पुरे घातले, तरी गिऱ्हाइकाच्या पदरात धान्य पुरेच पडले. मग वाखाणण्यात एवढे वाईट काय? शिवाय लहान मुलाला, नव्या साधकाला, कालच दारू सोडलेल्या माणसाला कौतुकाचा एक शब्दही द्यावयाचा नाही काय?

येथे अधिकारभेद पाहिला पाहिजे. कीर्तिकठियाचा दृष्टान्त कोणाला सांगितला गेला? नुकत्याच आलेल्या माणसाला नव्हे. तो भटोबासांना सांगितला गेला, ज्यांचे वैराग्य दृढ झाले होते आणि म्हणूनच ज्यांना त्याच्या अभिमानाचा धोका होता. ज्याने अद्याप केरसुणी हाती धरलेलीच नाही, त्याच्यापुढे कीर्तीच्या विकाराचे निरूपण करणे म्हणजे त्याच्या आळसाला शास्त्राधार मिळवून देणे होय. असे निरूपण ऐकून घरी गेलेला माणूस म्हणेल, चांगले काम केले तर अहंकार होतो, त्यापेक्षा न केलेले बरे. आश्रमांत हे घडत नाही असे नाही. दृष्टान्त अनधिकाऱ्याच्या हाती पडला म्हणजे तो औषधासारखाच उलटतो.

नव्याला शब्द द्यावाच, पण तो कशाविषयी असावा याचा विवेक हवा. नोकराने माप नीट घातले तर चार गिऱ्हाइकांसमोर त्याला प्रामाणिक म्हणून गौरविणारा मालक त्याला कठिया करतो. उद्या गिऱ्हाईक एकटे असेल, मालक जेवायला गेलेला असेल, तेव्हा त्या प्रामाणिकपणाला साक्षीदार राहणार नाही. त्याऐवजी मालकाने त्याला सांगावे, की ती म्हातारी दर बाजाराला मोजके पैसे घेऊन येते आणि आज तिचे धान्य पुरे भरले. येथे कौतुक आहे, पण ते माणसाचे नसून कामाच्या फळाचे आहे. नोकराचे लक्ष मालकाच्या तोंडावरून उठून म्हातारीच्या पिशवीकडे जाते. सशाच्या लीळेत शिकाऱ्यांचे लक्ष होडेवरून उठून सशाच्या जगण्याकडे गेले, तसेच हे आहे. अर्थात ज्या मालकाच्या स्वतःच्याच तराजूत खोट आहे, त्याने म्हातारीचे नाव न काढलेले बरे. नोकर बोलत नाही, पण तराजू रोज पाहत असतो.

मुलाची तंबाखू सोडविण्यासाठी झुरणाऱ्या बापालाही हेच लागू आहे. मुलापुढे बोलण्याआधी त्याने स्वतःची चंची घराबाहेर ठेवावी आणि काही महिने त्याविषयी एक अक्षरही बोलू नये. मुलगा विचारील तेव्हा सांगावे. तो न विचारता आपणहून सोडील, तर त्याचे श्रेय त्याच्याकडेच राहू द्यावे आणि पाहुण्यांपुढे तो विषय काढू नये. महंतांनी पहाटेच्या स्मरणाविषयी उपदेश करण्याऐवजी स्वतः आधी उठून दिवा लावावा, आणि झोपलेल्या साधकाच्या उशाशी थांबू नये. एखादा साधक उठून येऊन बसलाच, तर त्याच्याकडे वळून न पाहता स्मरण चालू ठेवावे.