कणखर झालेय म्हणालीस, म्हणून

शिरपूर, जि. धुळे



परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, आता मला काही वाटतच नाही. पेशंट गेला तरी सही करते आणि पुढच्या बेडकडे वळते. कणखर झालेय मी." तुझ्या आईला ते ऐकून बरं वाटलं. मला वाटलं नाही, म्हणून हे पत्र. सगळी नोकरी मी वॉर्डात काढली. "काही वाटत नाही" हे वाक्य कितीतरी सिस्टरांच्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकलंय. त्यातले खरोखर कणखर फार थोडे होते.

कणखर माणसाला सगळं वाटतं. वाटत असतानाही त्याचा हात चालतो, आणि ड्यूटी संपली की त्याला रडूही येतं, भूकही लागते. तुला दोन्ही होत नाही. डबा तसाच परत जातो, सुटीच्या दिवशी झोप लागत नाही, आईचा फोन वाजला की कपाळाला आठी पडते. हे तूच मला सांगितलंस, तक्रार म्हणून नव्हे, सहज बोलता बोलता. म्हणून मला जास्त काळजी वाटली.

पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला थकवा येणारच. तो झोपेने उतरतो, तोवर भिऊ नये. झोपून उठल्यावरही अंग तितकंच जड असेल, तर मात्र थांबून पाहावं. आमच्याकडे एक सिस्टर होत्या, कामाला अतिशय चोख. त्यांचं बिघडत चाललंय हे आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण काम कुठे अडत नव्हतं. बदललं ते बारीकसारीक. हँडओव्हरच्या वहीतल्या नोंदी तुटक झाल्या. चहा उभ्याउभ्याच घेऊ लागल्या. पाड्यावरून आलेल्या पावरा बाईला पूर्वी त्या गाव विचारायच्या, सोबत कोण आलंय ते विचारायच्या. आता "तीन नंबरला सलाईन लावा" एवढंच. वॉर्डबॉयवर आवाज चढायचा. औषध दिलं की नाही हे पुन्हा पुन्हा तपासायच्या, कारण स्वतःच्या लक्षात राहण्यावरचा विश्वासच गेला होता. हे सगळं महिनोन्‌महिने चाललं. मग एक दिवस गणवेश घालून त्या घराच्या पायरीवर बसल्या आणि त्यांना उठताच येईना.

बर्नआउट हे नाव देऊन या अवस्थेवर पहिल्यांदा सविस्तर लिहिलं ते 1974 मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने. न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात मनापासून राबणाऱ्या स्वयंसेवकांचं त्याला जे दिसलं, त्यावरून. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी या अवस्थेच्या तीन खुणा सांगितल्या: आतून रिकामं होणं, समोरच्या माणसाबद्दल कोरडं किंवा तुसडं होणं, आणि आपल्या हातून काही घडतच नाही असं वाटत राहणं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात याची नोंद घेतली, पण आजार म्हणून नव्हे. कामावरच्या दीर्घ, न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था, असं म्हटलं. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. दोष तुझ्या स्वभावात शोधू नकोस, तुझ्या ड्यूटीच्या तक्त्यात शोध. यातली दुसरी खूण, तो कोरडेपणा, तू कणखरपणा समजून बसली आहेस.

आपल्या घरात "मी थकले" म्हणायची बाईला सवयच नाही. तुझी आजी दिवसभर कापूस वेचून आल्यावर चुलीपुढे बसायची, आणि अंग दुखतंय हे तिने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. तिचं कौतुक करतच तू मोठी झालीस. कौतुक करावंच. पण आजीच्या हातात कुणाची शीर नव्हती. तुझ्या हातात असते. 1997 मध्ये दोन संशोधकांनी दाखवून दिलं की सलग 24 तास जागलेल्या माणसाचं लक्ष आणि हात रक्तात 0.10 टक्के मद्य असलेल्या माणसाइतके ढिले पडतात. आपल्याकडे गाडी चालवायला मर्यादा 0.03 टक्क्यांची आहे. न झोपता ड्यूटी रेटण्यात शौर्य नाही बेटा, रुग्णाला धोका आहे.

आणि तुझ्याकडून जे करून घेतलं जातंय ते नियमातही बसत नाही. 5 जून 1992 च्या केंद्राच्या निवासी डॉक्टर योजनेत आठवड्याला साधारण 48 तास, सलग 12 तासांपेक्षा जास्त नाही आणि आळीपाळीने एक साप्ताहिक सुटी, असं लिहिलेलं आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने 2024 मध्ये आठवड्याला जास्तीत जास्त 74 तासांची शिफारस केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने 36-36 तासांच्या ड्यूट्यांना अमानुष म्हटलं. शिवाय तासांत न मोजला जाणारा ताण आहेच. मार्च 2017 मध्ये आपल्या धुळ्यात निवासी डॉक्टरला रुग्णाच्या नातेवाइकांनी बेदम मारलं आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. तेव्हापासून तुमची पिढी एक डोळा रुग्णावर आणि एक दाराकडे ठेवून काम करते. यावर उपाय म्हणून कुणी योगाचं शिबिर ठेवलं तर जरूर जा. पण योगाने 36 तासांची ड्यूटी 12 तासांची होत नाही, हे शिबिर ठेवणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं.

तू म्हणशील, सुटी मिळते तेव्हा घेतेच की. त्यासाठी तुला आपल्या तालुक्याकडेच बघायला सांगते. तू लहान होतीस तेव्हा इथे विहिरी आटल्या की लोक बोअर आणखी खोल नेत, पंप पाणी देत राही, आणि खालची पातळी उतरत जाई. पाऊस पडायचा, पण तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत पिवळ्या मातीचे जाड थर आहेत, त्यातून पाणी मुरत नाही. वरच्यावर वाहून तापीला मिळायचं. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी तेव्हाचे आमदार अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळावर 2004 पासून नाले रुंद केले, पिवळी माती कापून खोल केले, आणि एकामागे एक बंधारे बांधले. पाऊस काही वाढला नाही. त्याला थांबायला जागा मिळाली, तेव्हा विहिरींना पाणी आलं. आज लोक शिरपूर पॅटर्न म्हणून ते बघायला येतात. तुझी सुटी अजून वरच्यावर वाहून जाते: अर्धा दिवस मोबाईल, मग प्रबंधाचं राहिलेलं काम, मग वॉर्डातल्या ग्रुपवरचे मेसेज, आणि संध्याकाळपासून उद्याची धास्ती. त्यातलं आत काही जात नाही.

म्हणून पुढच्या सुटीला आधी फक्त झोप. खोलीतल्या मैत्रिणीला सांगून ठेव, फोन तिच्याकडे दे. रात्रपाळीनंतर स्कूटी चालवू नकोस, रिक्षाने जा. जेवण बसून कर. आजी असती तर तिने आधी "जेवनी का बेटा?" एवढंच विचारलं असतं, आणि त्या प्रश्नाला माझ्या मते फार अर्थ आहे. मग रक्त तपासून घे: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-बारा, साखर. आपल्याकडच्या कितीतरी मुली कमी रक्तावर वर्षानुवर्षं चालतात आणि स्वतःला आळशी म्हणवून घेतात. तू डॉक्टर आहेस म्हणून तुला हे होणार नाही असं नाही. आणि स्वतःच स्वतःला गोळी लिहून देऊ नकोस.

रोज एका रुग्णाजवळ स्टूल ओढून बसत जा. पाच मिनिटं पुरतात. नाव, गाव, घरी कोण, एवढं विचार. हे रुग्णासाठी कर असं मी म्हणत नाही, तुझ्यासाठी कर. आमच्या त्या सिस्टर लांब रजेवरून परतल्या तेव्हा आमच्या मेट्रनबाईंनी त्यांना काही दिवस औषधांची ट्रॉली दिलीच नाही, बाळंतिणींजवळ बसवलं. मी पाहिलंय, त्यांचा आवाज तिथेच परत मऊ झाला.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. कामापासून चार दिवस दूर राहूनही मन उजळलं नाही, आवडीचं काहीच आवडेनासं झालं, तर ते नुसतं कामाचं ओझं नसेल, नैराश्यही असेल. आणि आपण नसलेलंच बरं असा विचार एकदा जरी आला, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच क्षणी मला फोन कर, आईला कर, तुमच्याच रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा. कॉलेजात कळेल म्हणून तिथे जायचं नसेल, तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तू रुग्णांना हाच नंबर देत असशील. तो तुझ्यासाठीही आहे.

पदवी पूर्ण करच. पण ती एखादी टर्म उशिरा मिळाली म्हणून या घरात कुणाची मान खाली जाणार नाही. तुझ्या वडिलांशी मी बोलले आहे, त्यांचंही हेच म्हणणं आहे.

आता एक काम सांगते, ते याच आठवड्यात कर. साप्ताहिक सुटी तोंडी मागू नकोस. विभागप्रमुखांच्या नावे अर्ज लिही, 1992 च्या योजनेचा त्यात उल्लेख कर, शक्य असेल तर युनिटमधल्या सगळ्यांच्या सह्या घे, आणि आवक शिक्का मारलेली एक प्रत स्वतःजवळ ठेव.

तुझी,
आत्या