गाणारे वेळू

ऊर्जानगरातून ताडोब्याच्या वाटेने निघाले, की पुढे रानात वेळूची बेटे दिसू लागतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील मुलांना वेळूची ओळख करून द्यावयास नको. बुरूड त्याच्या कामट्यांची सुपे व टोपल्या विणतो, शेतकरी त्याचे कुंपण करतो आणि गुराखी त्याचीच बासरी वाजवतो. परंतु याच वेळूच्या शेकडो नळ्या एकत्र करून एक प्रचंड वाद्य घडविता येते, हे तुम्हांस ठाऊक आहे काय?

त्या वाद्याचे नाव ऑर्गन. आपल्या बाजाच्या पेटीत भात्याच्या हवेने धातूच्या पातळ पट्ट्या कंप पावतात. चर्चमधील मोठ्या ऑर्गनमध्ये हीच हवा उभ्या नळ्यांत शिरते. वादकाने पट्टी दाबली की झडप उघडते व नळी बोलू लागते. लांब नळीचा स्वर खालचा, आखूड नळीचा वरचा. पूर्वी भाता हलविण्यास माणसे लागत. आता बहुतेक ठिकाणी ते काम विजेचा पंखा करतो.

फिलिपाईन्स देशात मनिला शहराच्या दक्षिणेस लास पिन्यास हे शहर आहे. तेथील चर्चमध्ये दिएगो सेरा नावाचे स्पॅनिश धर्मगुरू होते. त्यांनी १८१६ साली ऑर्गन बांधावयास घेतला. धातू महाग, वेळू मात्र विपुल. पण वेळूला कीड लागते. म्हणून त्यांनी तोडलेले वेळू कित्येक महिने समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवले. जे टिकले, तेवढेच निवडून घेतले. १८२४ साली काम पुरे झाले. एकूण १,०३१ नळ्यांपैकी ९०२ वेळूच्या होत्या!

पुढे भूकंप आणि वादळे यांनी या वाद्याची फार हानी केली. अनेक वर्षे ते मुके राहिले. अखेर १९७३ साली ते जर्मनीतील बॉन शहरी दुरुस्तीस नेण्यात आले. तेथील थंड व कोरड्या हवेने वेळू तडकू नयेत, म्हणून कारागिरांनी कार्यशाळेतील एका दालनात फिलिपाईन्ससारखी उष्ण व दमट हवा राखली. १९७५ साली ऑर्गन आपल्या गावी परतला. तेव्हापासून त्याच्या संगीताचा महोत्सव भरू लागला.

अशा वादनाची रीत निराळी असते. श्रोते वेदीकडे तोंड करून बसतात. ऑर्गन असतो त्यांच्या पाठीमागे, माळ्यावर. वादक दिसत नाही. चर्चमध्ये नीरव शांतता पसरते आणि एकाएकी दगडी भिंती स्वरांनी भरून जातात. ऑर्गनसाठी रचलेले संगीत शतकानुशतके जपलेले आहे. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये आंतोनिओ दे काबेसोन हा थोर वादक होऊन गेला. तो बालपणापासून अंध होता. त्याच्या मृत्यूनंतर १५७८ साली त्याच्या पुत्राने त्याच्या रचना छापल्या. म्हणूनच त्या आज वाजविता येतात.

पाहा बरे, पुत्राने रचना जपल्या नसत्या, तर वाद्य असूनही ते गीत हरवले असते; आणि कारागिरांनी वाद्य जपले नसते, तर वेळूचा तो आवाज पुन्हा कोणाच्या कानी पडला नसता. सुंदर वस्तू एखादा गुणी मनुष्य निर्माण करतो, पण ती टिकते मागाहून येणाऱ्यांच्या काळजीने. आपल्या गावातील जुनी वाद्ये आणि जुनी गाणी आज कोणाच्या हाती आहेत बरे?

स्वाध्याय

१. दिएगो सेरा यांनी वेळू वाळूत का पुरले?
२. बाजाची पेटी व चर्चमधील ऑर्गन यांत कोणता फरक आहे?
३. बॉन येथील कारागिरांनी वेळूची कोणती काळजी घेतली? का?
४. तुमच्या घरातील वडील माणसांना एखादे जुने गाणे विचारा व ते वहीत उतरवून घ्या.