स्पर्धेचा पोशाख : निवडायचा कोणी आणि कसा?

प्रश्नपेटीत नववीच्या वर्गाकडून एक चिठ्ठी आली आहे. "सौंदर्यस्पर्धेत कोणते कपडे घालायचे, हे कोण ठरवतं?" चिठ्ठीवर नाव नाही. शिक्षक-कक्षात ती वाचली गेली तेव्हा एकदोघांच्या भुवया वर गेल्या. आम्हाला मात्र प्रश्न अभ्यासाचा वाटला. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या शेजारच्या उज्जैनची निकिता पोरवाल 'फेमिना मिस इंडिया' झाली. तेव्हापासून इंदूरच्या मुलींना ही गोष्ट फक्त मुंबई-दिल्लीची वाटत नाही. मुली विचारणारच. शाळा गप्प राहिली तर उत्तर त्या दुसरीकडून घेतील. शिवाय आपले स्नेहसंमेलन जवळ आले आहे, त्यात मराठमोळ्या वेशभूषेची स्पर्धा आहे, आणि कपड्यांवरून घरोघरी जी ओढाताण होते ती पालकांना ठाऊक आहे. तेव्हा हा पाठ मुलींबरोबर पालकांनी आणि विश्वस्तांनीही वाचावा, अशी विनंती.

आधी थोडा इतिहास. अमेरिकेत अटलांटिक सिटी नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. उन्हाळा संपला की तिथले पर्यटक घरी परतत. ते आणखी काही दिवस राहावेत म्हणून १९२१ साली तिथे जो उत्सव भरवला, त्यातून 'मिस अमेरिका' स्पर्धा निघाली. समुद्रकाठची स्पर्धा म्हणून पोहण्याचा पोशाख त्यात पहिल्यापासून होता. पुढे तोच पोशाख तयार करणाऱ्या कंपन्या स्पर्धेला पैसा पुरवू लागल्या. योलांडे बेटबेझ ही तरुणी १९५१ ची 'मिस अमेरिका' म्हणून निवडली गेली. आपण गायिका आहोत, मुकुट डोक्यावर आल्यावर स्विमसूट घालून जाहिरातीसाठी गावोगाव फिरणार नाही, असे तिने ठाम सांगितले. कॅटालिना नावाची स्विमसूटची कंपनी रागावली, तिने पाठिंबा काढून घेतला आणि १९५२ साली स्वतःची वेगळी स्पर्धा सुरू केली. तीच 'मिस युनिव्हर्स'! म्हणजे आज जगभर दिसणारी ही स्पर्धा कपड्यावरच्या भांडणातून जन्मली. कपडा विकणारा एका बाजूला आणि तो घालणारी दुसऱ्या बाजूला. मुलींनो, तुमच्या चिठ्ठीतला प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

'मिस वर्ल्ड'ची गोष्ट याहून निराळी नाही. १९५१ साली लंडनमध्ये ती सुरू झाली बिकिनीची स्पर्धा म्हणून. त्यावर इतकी टीका झाली की पुढच्या वर्षीपासून बिकिनी बंद करावी लागली. १९९६ साली ही स्पर्धा बंगळूरला भरली, तेव्हा आपल्या देशात मोठा विरोध झाला, आणि स्विमसूटची फेरी सेशेल्स बेटांवर नेऊन उरकावी लागली. अखेर डिसेंबर २०१४ मध्ये 'मिस वर्ल्ड'ने ही फेरी काढून टाकत असल्याचे जाहीर केले. 'मिस अमेरिका'नेही २०१८ मध्ये तसेच केले. २०१६ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या स्पर्धेत हलिमा एडन ही सोमाली वंशाची मुलगी त्या फेरीत अंगभर बुर्किनी आणि डोक्यावर हिजाब घालून उतरली आणि उपांत्य फेरीपर्यंत पोहोचली. "नियमच तसा आहे, काय करणार" असे पालक नेहमी म्हणतात. नियम माणसांनीच केलेले असतात आणि माणसे ते बदलतात, एवढे यावरून लक्षात यावे.

आता आपल्या मुलींकडे येऊ. १९६६ साली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या रीता फारिया लंडनला गेल्या आणि 'मिस वर्ल्ड' झाल्या. आशियातल्या कोणत्याही स्त्रीला हा मान त्याआधी मिळाला नव्हता. आई-वडील मूळचे गोव्याचे. घरात फॅशनचे वातावरण नव्हते. सामान बरेचसे उसने होते: साडी मैत्रिणीची, स्विमसूट आदल्या वर्षीच्या मिस इंडिया पर्सिस खंबाटा यांचा. जवळ तीन पौंड. उसना स्विमसूट अंगाला नीट बसेना आणि चपला सपाट टाचेच्या, म्हणून ते तीन पौंडही तिथे खर्ची पडले, असे त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितले आहे. संध्याकाळच्या पोशाखाच्या फेरीत इतर देशांच्या मुली गाऊनमध्ये आणि रीता साडीत. त्या फेरीचे वेगळे बक्षीस साडीलाच मिळाले! यात नवल नाही असे आम्हाला वाटते. साडी त्यांच्या ओळखीची होती, ती नेसून चालण्याची, जिना चढण्याची सवय होती. उसनी असली तरी परकी नव्हती. वर्षभराने मुकुट उतरवून त्या पुन्हा अभ्यासाला लागल्या आणि डॉक्टर झाल्या, हेही लक्षात ठेवावे.

दुसरे उदाहरण १९९४ चे. सुश्मिता सेन तेव्हा अठरा वर्षांच्या. वडील हवाई दलात, घर दिल्लीत. 'मिस इंडिया'साठी चार पोशाख हवेत आणि चार महाग पोशाख परवडणारे नाहीत. दूरचित्रवाणीवरच्या एका मुलाखतीत त्यांनी सारे मोकळेपणाने सांगितले आहे. लोक कपडे बघायला येणार नाहीत, तुला बघायला येणार आहेत, अशी आईने समजूत घातली. मायलेकी सरोजिनी नगरच्या बाजारात गेल्या, कापड घेतले आणि घराखालच्या गॅरेजमध्ये बसणाऱ्या, एरवी परकर शिवणाऱ्या शिंप्याकडे दिले. उरलेल्या कापडाचे आईने गुलाबाचे फूल केले. हातमोजे हवे होते, तर नवे काळे पायमोजे आणून, पुढचे टोक कापून, तेच हातात चढवले. तो गाऊन घालून त्या 'मिस इंडिया' झाल्या आणि त्याच वर्षी मनिलाला 'मिस युनिव्हर्स'.

हे उदाहरण सांगताना पालक फक्त "बघ, कमी पैशांत झालं" एवढेच सांगतात. आम्ही त्यातला शिंपी बघायला सांगतो. तो कपडा घालणारी मुलगी त्याच्या डोळ्यांसमोर होती. मापे घेतली, सैल झाले तर आवळले, आखूड झाले तर उकलले. तयार महागडा पोशाख भाड्याने आणला की नेमके हेच होत नाही. पोशाख एकाच्या मापाचा आणि मुलगी दुसऱ्याच.

माप चुकले तर काय होते, याचा दाखला प्रियांका चोप्रा यांच्या तोंडून मिळतो. २००० साली लंडनला त्या 'मिस वर्ल्ड' झाल्या, तेव्हा गाऊन दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने अंगाला बसवलेला होता. घामाने टेप सुटू लागली. विजेती म्हणून चालताना त्या हात जोडून होत्या, सगळ्यांना वाटले नमस्कार आहे. प्रत्यक्षात त्यांनी गाऊन धरून ठेवला होता! गोष्ट हसण्यासारखी आहे, पण आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण आणि सगळे लक्ष टेपकडे.

पोशाख काही बोलतो का, हाही एक प्रश्न. थायलंडच्या अ‍ॅना सुएंगाम-इआम यांचे आई-वडील कचरा गोळा करण्याचे काम करीत. जानेवारी २०२३ मध्ये 'मिस युनिव्हर्स'च्या प्राथमिक फेरीत त्या ज्या गाऊनमध्ये आल्या, तो शीतपेयाच्या डब्यांची झाकणे उघडायच्या चपट्या कड्यांचा होता. दुरून चांदीसारखा चमकणारा. त्या जिंकल्या नाहीत, पण आई-वडिलांचे काम त्यांनी झाकून ठेवले नाही. डिसेंबर २०२१ मध्ये जिंकलेल्या हरनाझ संधू यांच्या गाऊनवर पंजाबच्या फुलकारीची आठवण देणारी नक्षी होती. तो तयार करणाऱ्या सायशा शिंदे मराठी आहेत.

आता आपला रंगमंच. वेशभूषेच्या स्पर्धेत मागच्या खेपेला दोन मुलींनी आयत्या वेळी नावे मागे घेतली. वर्गशिक्षिकांनी विचारले तर म्हणाल्या, "ड्रेस नाही." घरी साडी नव्हती असे नाही. भाड्याच्या दुकानातली, दागिन्यांसकट मिळणारी नव्हती, इतकेच. दोघींपैकी एकीचे मराठी वक्तृत्व आपल्या शाळेत सर्वांत चांगले आहे. ती रंगमंचावर आलीच नाही, आणि जिला बक्षीस मिळाले तिला आपल्या नेसण्याचा प्रकार सांगता आला नाही. यात दोष मुलींचा नाही. स्पर्धा कशाची आहे, हे आपण मोठ्यांनी नीट ठरवायला हवे.

म्हणून यंदाचे नियम असे ठरले आहेत. भाड्याचा पोशाख चालणार नाही. पोशाख घरातला, नातेवाइकांचा किंवा मैत्रिणीचा उसना असावा, अथवा साध्या कापडाचा शिवून घ्यावा. परीक्षक किमतीला गुण देणार नाहीत. प्रत्येकीने दोन मिनिटे बोलायचे आहे: ही साडी कोणाची, कोणत्या गावची, नेसण्याची पद्धत कोणती. आजीची माहेश्वरी घरात असेल तर तिच्यासारखा विषय नाही. अहिल्याबाई होळकरांच्या आश्रयाने महेश्वरला वाढलेला हा माग आपल्यापासून शंभर किलोमीटरच्याही आत आहे. साडीचे काठ नीट बघा, दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, त्यामुळे साडी कोणत्याही बाजूने नेसता येते. या काठाला बुगडी म्हणतात. काठावरची लहर नर्मदेची. हातमाग मागे पडू लागला होता, तेव्हा १९७९ मध्ये रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी 'रेहवा' संस्था काढून विणकर स्त्रियांना पुन्हा काम दिले. हे सांगणाऱ्या मुलीला आम्ही तरी नुसत्या चमकीपेक्षा वर ठेवू.

नऊवारीबद्दल मतभेद आहेत. शिवलेली नऊवारी चालेल का, असे पालक विचारतात. पाचवीपर्यंतच्या मुलींना चालेल, त्यांना फुगडी घालायची असते आणि काष्टा सुटला की रडारड होते. सहावीपासून पुढे मात्र नेसलेलीच हवी. मुलीला स्वतः नेसता येत नसेल तर आजी-मावशीकडून शिकावे, दोन-तीन वेळा नेसून घरात चालावे, खाली बसून उठावे. निऱ्यांना आणि पदराला पिन लावावी, पण साडीचा सगळा भार पिनांवर टाकू नये. पाचवारी असेल तर ज्या चपला घालायच्या त्याच पायात घालून लांबी ठरवावी. अनवाणी नेसून बघितले आणि त्या दिवशी उंच टाचा घातल्या, तर साडी वर चढते. आपल्या सभागृहातले दिवे उष्ण आहेत, मखमल आणि जाड सॅटिन टाळावे. पांढरट रंग उजेडात फिका पडतो, गडद काठ असला तर उठून दिसतो. नव्या साडीला फॉल आणि पिको आठवडाभर आधी करून घ्यावा, सीतलामाता बाजारात हंगामात शिंपी आयत्या वेळी हात लावत नाहीत. सोन्याचे खरे दागिने शाळेत आणू नयेत, हरवल्यास शाळा जबाबदारी घेणार नाही.

आणि हो, मुलग्यांनाही ही स्पर्धा खुली आहे. धोतर नेसता येणारा मुलगा गेल्या तीन वर्षांत आम्हाला भेटलेला नाही.

ज्यांच्याकडे काहीच नसेल त्यांच्यासाठी शाळेच्या कपाटात साड्या ठेवण्याचा विचार आहे. माजी विद्यार्थिनींनी आणि पालकांनी वापरात नसलेली, पण धड असलेली साडी धुऊन, घडी करून, सोबत ती कोणाची व कुठली याची चिठ्ठी जोडून कार्यालयात द्यावी. स्पर्धेआधीच्या शनिवारी, शाळा सुटल्यावर, सभागृहात दिवे लावून तालीम होईल. पोशाख घालूनच यावे, आणि शिवणकामाच्या बाई सुई-दोरा घेऊन तिथे बसतील.